रस्सा बंद, परतलेली सुरू

३ डिसेंबर १९७४
आजपासून घरात तर्रीचा रस्सा बंद! पोटाची जळजळ डॉक्टरांना सांगितली, तर म्हणाले, भाज्या शिजवून शिजवून तुम्ही त्यांचा जीवच घेता. जीवनसत्त्वं सगळी पाण्यात. मोठ्या आचेवर, चमचाभर तेलात परता — दाताखाली कचकच वाजली पाहिजे. सूनबाईला, शामलाला, नीट समजावलं. पोरगी हुशार. आमच्या सौभाग्यवती रंभाबाई मात्र कुरकुरल्या. "रस्स्याले पाणी तरी घालता येते." पाण्यात काय पोषण असतं? पण यांना सांगणार कोण!

५ डिसेंबर
पत्ताकोबी, गाजर, वालाच्या शेंगा. टोपलीभर भाजी परतली की मूठभर होते — म्हणजे उरतं ते निव्वळ सत्त्व. मी अन् मनोहर, बापलेकांनी कढई पुसून खाल्ली. मीठ अगदी नावाला. शामला चाखून बघत नाही. जेवणाआधी उष्टं नको, ही तिच्या सासूची शिस्त. पण पथ्याचं जेवण असंच असायचं. सवय होतेय.

१९ डिसेंबर
जळजळ गेली! गांधीबागेत दुकानावर शेजारचे भैयाजी म्हणाले, तोंडावर तेज आलं. मग काय, त्यांना परतलेल्या भाजीवर व्याख्यानच दिलं. भैयाजींनी दोनदा जांभई दिली. चालायचंच.

२ जानेवारी १९७५
शामलाला पाचवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, हिला हिरवा भाजीपाला खाऊ घाला. मला रागच आला. आमच्या घरात रोज परतलेली भाजी होते, अन् हिलाच रक्त कमी? पण धास्ती बसली. पहिलं नातवंड आहे. येताना सक्करदऱ्याच्या बाजारातून पालकाच्या चार जुड्या आणल्या.

३ जानेवारी
पालक छानच झाला होता. चार जुड्यांचा एवढासा गोळा! मनोहरनं दोनदा मागून घेतला.

८ जानेवारी
रंभाबाई बहिणीकडे वाडीला गेल्या. शामला मागून एकटीच जेवणार, म्हणून म्हटलं, आज आमच्याच पंगतीला बस. लाजली, पण बसली. भाजीचा पहिला घास घेतला अन् थांबली.

"मामाजी, याच्यात तं मीठच नाही. इतके दिवस मले काहून नाही सांगितलं?"

मी विचारलं, मग तू रोज कशाशी जेवत होतीस?

"ठेचा राहते नं," म्हणाली. तक्रार नव्हती, सहजच बोलली.

हातातला घास ताटात परत ठेवला. कढई तिच्याकडे सरकवली.