न दिसणारा व्यायाम

४ मार्च
आज पुन्हा! गिऱ्हाईक बाईंच्या सलवारीची उंची घ्यायला वाकले, शिंक आली आणि थेंब गळलेच. मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून दुकानाच्या मागे पळाले. बाईंनी नाक मुरडलं— की मलाच वाटलं?

घरी येते तर यांनी गादी बाहेरच्या खोलीत नेलेली. ऑपरेशनपासून झोप लागत नाही म्हणे, माझी झोपमोड नको. प्रोस्टेटच्या ऑपरेशनला महिना झाला, झोप बरी आजच उडाली! माझा वास येतो म्हणायला जीभ रेटत नाही, दुसरं काय.

९ मार्च
फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे जाऊन आले. पाटीवर गुडघे-कंबर आहे ते बरं. घरी गुडघाच सांगितला. बाई म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेत, व्यायामाने बळकट होतात. व्यायाम काय, तर खुर्चीत बसून लघवी अडवल्यासारखं आत ओढायचं, धरायचं, सोडायचं. बघणाऱ्याला काही दिसतसुद्धा नाही! याचे पैसे घेते? मला बनवतेय.

भीतीने पाणी कमी पिते म्हटलं, तर त्यावरही ओरडल्या.

१० मार्च
हे स्वतःचे कपडे स्वतः धुतायत. जन्मात रुमाल न पिळलेला माणूस! माझ्या कपड्यांत मिसळायला नको असतील. मोरीत बसून रडले.

२६ मार्च
काडीचा फरक नाही. बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी तपासलं— तर इतके दिवस मी श्वास कोंडून खाली जोर लावत होते! वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, आणि शिंक येतेय वाटलं की आधी आवळून धरायचं. हे पहिल्यांदा नीट नसतं का सांगता आलं? सांगितलं होतं म्हणे.

१९ एप्रिल
शिंकले. कोरडी! योगायोग असेल.

२ जून
कारण नसताना शिंकून बघितलं. कोरडीच. पण सांगू कुणाला? हे इस्त्रीचा शर्ट घालून "जरा जाऊन येतो" म्हणून निघून जातात. कुठे, विचारलं तर विषयच बदलतात. कुणीतरी आहे. वास न येणारी.

९ जून
बाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर हे! पाळत ठेवायला आलात का, म्हणून तणतणले. ते मान खाली घालून हळूच म्हणाले, "ऑपरेशनपासून माझं गळतं गं. तुला वास येईल म्हणून बाहेर झोपतो."

गादी मीच आत आणली.