दुसऱ्यांदा वाढून घेणं

रविवार, संध्याकाळ

जळफळाट झालाय नुसता, आणि तोही प्रार्थनासभेत! चेन्नईत वाढलेल्या आमच्या पोरांना पवित्र शास्त्रातलं जुनं मराठी कळत नाही, म्हणून दर रविवारी एक वचन सोपं करून सांगायचं. वर्षानुवर्षं मीच सांगते. आज होतं, 'प्रीती हेवा करीत नाही.' मी म्हटलं, "प्रेमात मत्सराला थारा नसतो." पोरं मोबाईलमध्येच.

मग पुण्याहून नुकतीच आलेली रुथ म्हणाली, "काकू, मी सांगू? शेजारणीची भाजी आपल्यापेक्षा चांगली झाली, तर ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. तेच प्रेम."

सगळे हसले. "सूपर, अक्का!" कोण ओरडलं? माझीच लेक! एवढं साधं मला का नाही सुचलं?

जेवताना सगळे रुथच्या मसालेभातावर तुटून पडले. मी घासभर घेतला. दुसऱ्यांदा नाही घेतला. का नाही घेतला?

निघताना तिने मला डबा भरून दिला. आत्ता ओट्याशी उभ्यानेच संपवला, बोटाने पुसून.

तिचा मेसेज आलाय. "काकू, कसा झाला होता?"

लिहिलं, "मीठ जरा कमी."