क्लोद राणीला भेटायला

९ सप्टेंबर २००६, शनिवार
सु.ला म्हटलं, नळाचा वॉशर आणायला जातो. तासभर ड्राइव्ह करून मेळ्याला गेलो. मोकळ्या शेतात तंबू, झेंडे, भालेवाले. नटमंडळींनी सोळाव्या शतकातले फ्रान्स-इंग्लंडचे दरबार उभे केलेत. आमची लेक रुचा फ्रान्सची राणी. मेडिकलला जायचं सोडून हे. एप्रिलमध्ये मीच ओरडलो होतो, "मग या घरात पाऊल टाकू नकोस." तिने टाकलं नाही.
मिरवणुकीत दिसली. सोनेरी झगा. बारीक झालीय. आणि लंगडत होती! दोन तास गर्दीच्या मागून बघत राहिलो. पुढे जायचा धीर झाला नाही. वॉशर राहिला.

१० सप्टें.
सु.ला सगळं सांगून टाकलं. तिने लगेच रुचाला फोन लावला. मी जिन्यात उभा. सु. हसायलाच लागली. "अहो, ती राणीच लंगडी होती म्हणे! रोल आहे." रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी नको म्हणून मान हलवली. का, कोण जाणे.

१६ सप्टें.
आमच्या श्रूजबरीची लायब्ररी. तीन पुस्तकं. राणीचं नाव क्लोद. ठेंगणी, पायाने अधू, स्वभावाने गरीब. पंधराव्या वर्षी बाप गेला, नवरा फ्रान्सिस राजा झाला. सात मुलं. चोविसाव्या वर्षी गेली. हे वाचून पुस्तक मिटलं. रुचा एकवीस.
दुसऱ्या पुस्तकात गंमत. आठवा हेन्री आणि फ्रान्सिस भेटले, तेव्हाच्या प्रार्थनेत पवित्र पाटीचा मुका आधी कुणी घ्यायचा म्हणून क्लोद आणि इंग्लंडची कॅथरीन, दोघी राण्या 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत राहिल्या. शेवटी एकमेकींचाच मुका घेतला. सु.ला वाचून दाखवलं.
"तुम्ही बापलेकही तेच करताय," ती म्हणाली. "फक्त मुका नाही."

१ ऑक्टो., रवि.
गेलो. या वेळी रांगेत उभा राहिलो. राणीपुढे वाकायचं, ती हात पुढे करते. माझा नंबर आला. रुचाचा चेहरा क्षणभर… मग एकदम राणीचा आवाज.
"यू हॅव कम फ्रॉम अफार, सर?"
"श्रूजबरी."
लोक हसले. मी वाकलो. गुडघा कटकन वाजला.
हळूच म्हटलं, "क्लोदबद्दल वाचलं मी. चोविसाव्या वर्षी गेली ती."
"आय नो, बाबा."
"जेवतेस ना नीट?"
ओठावरचं हसू तसंच, डोळे भरलेले. "बाबा, पीपल आर वेटिंग."
हात मात्र तिने सोडला नाही. मागच्या बाईने खाकरल्यावर मीच सोडला.
एप्रिलचं बोलायचं होतं. राहिलं.

१५ ऑक्टो.
मेळा आज संपला. रुचाचा सु.ला फोन. उद्या दुपारी सगळी मंडळी व्हॅनने टेक्ससला. तिथे हिवाळाभर कामं. हायवे आमच्या गावावरूनच जातो.
फोन मागून घेतला. "रुचा, ते मी बोललो ते… उद्या जाताना घरी येतेस?"
पलीकडून, "आय डोन्ट नो, बाबा. लेट मी सी."

१६ ऑक्टो., सोम.
ऑफिसला कळवलं, बरं नाही. सु.ने वाटली डाळ केलीय. दीड वाजला. व्हॅन मोठी असते, वळायला जागा लागेल. माझी गाडी ड्राइव्हवेतून काढून रस्त्यावर लावून आलो.