होडीतली मधली फळी

रविवार, संध्याकाळ

आज मनोरीला आईकडे गेले होते. होडीत चढले आणि सवयीने मधल्या फळीवर जाऊन बसले. नाखवा म्हणाला, "तिथं कशाला, ताई? कडेला बसा ना, वारा लागेल."

हाच नाखवा इतकी वर्षं सगळ्यांसमोर ओरडायचा, "ताई, तुम्ही मध्ये! होडी कलंडेल." लोक हसायचे. मीही हसायचे. आज त्याने मला ओळखलंच नाही, की ओळखून बोलला?

दीड वर्ष रोज पहाटे कांदिवलीत चालते आहे. सुरुवातीला गुडघे इतके दुखायचे की जिना उतरताना रडू यायचं. बत्तीस किलो गेले. मग पाय त्या मधल्या फळीकडेच का वळले? वजन परत येईल अशी भीती, की ते गेलंय हेच मला अजून खरं वाटत नाही?

आईचं नेहमीचं सुरू झालं. "पुरे गं आता. आजारी दिसतेस." बांगड्याचं कालवण वाढलं, भाताचा डाव उचलला आणि थांबली. "किती वाढू?"

हे तिने जन्मात पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "थोडाच." तिने थोडाच वाढला. दोघी जेवायला बसलो. कालवण झकास होतं.

परतताना मधली फळी रिकामी होती. मी कडेला बसले. होडी जराशी कलली, मी कडा घट्ट धरली. मग माझ्यानंतर एक काटकुळा म्हातारा चढून बसला. तेव्हाही होडी तितकीच कलली.

इतकी वर्षं मध्ये बसून हे मी कधी पाहिलंच नव्हतं.