गुडघ्यांवर हात न टेकता

शेखर,

आज जिमला जाऊ नकोस. गेलासच तर पायांचा व्यायाम करू नकोस. चेष्टा नाही.

काल माझा रिपोर्ट आला. वर्षभर स्क्वॉट मारूनही माझ्या मांड्या भरत नव्हत्या, त्यात अंडी, पावडर कशाचाच दोष नव्हता. स्नायू झिजण्याचा आजार आहे. बापाकडून मुलांत येऊ शकतो. जड वजनाने उलट जास्त झिजतात, आणि यावर औषध नाही.

अण्णा पंगतीतून उठताना गुडघ्यांवर हात टेकत टेकत वर यायचे, आठवतं ना? मीही तसाच उठतो. आई कौतुकाने सांगत फिरायची, पोरानं बापाची लकब उचलली म्हणून. डॉक्टरांनी मला नुसतं जमिनीवरून उठायला लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

परवा तुझे पाय लटपटत होते. मी 'नाटकं बंद कर' म्हणालो आणि तुझ्या बारवर आणखी दहा-दहाच्या प्लेटा चढवल्या. तेवढं माफ कर.

मी लासलगावला आईकडे निघालोय. हे तिला फोनवर सांगता येणार नाही. भाजी कढईत आहे, पोळ्या डब्यात.

जेवायच्या आधी एक कर. किचनमध्ये खाली बस आणि गुडघ्यांवर हात न टेकता उठून बघ. जमलं तर फोन कर. नाही जमलं तरी कर. आई समोर असेल, तुझं तिला लगेच कळायला नको, त्यामुळे मी नुसतं 'हं' म्हणेन.

वाल्मीकदादा