अहेव गेली म्हणतात तुला

आई, यंदाही अविधवा नवमीला तुझ्या नावानं सवाष्ण जेवली. पानशेतकडच्या आपल्या गावी, चुलत्याच्या घरी. त्या दिवशी मी भोरची खानावळ बंद ठेवते आणि जाते. पुरणपोळी असते, सवाष्णीची ओटी भरतात, आणि दर वर्षी कुणी ना कुणी पदर सावरत म्हणतंच, बाई भाग्याची, अहेव गेली, भरल्या कपाळानं. माझं आतून जळतं. कपाळ भरलेलं होतं खरं, पण तू कशानं गेलीस ते मी पाहिलंय.

तू चुलीपाशी नाचणीची भाकरी थापतेस आणि मधेच पिठाचा हात पोटाशी नेतेस. आम्ही तिघी बहिणी झालेल्या, चौथं पोटात. तुला ते नको होतं. आधीच ऑपरेशन करू द्या म्हणून तू आजीच्या पाया पडली होतीस, ती म्हणाली, मुलगा झाल्याबिगर न्हाई. मग एके दिवशी मला सोबतीला घेऊन तू ओढ्यापलीकडच्या एका बाईकडं गेलीस. मला बाहेर बसवलं. घरी आल्यावर तू गोधडीत पडून राहिलीस आणि तुझे रक्ताचे कपडे मी ओढ्यावर धुतले. तू माझं मनगट धरून म्हणालीस, "कुनाला बोलू नगंस. तुमा तिगींची लग्नं व्हायची हायेत." मी बोलले नाही. त्यातच तू गेलीस. घरच्यांनी कावीळ सांगितली, गावानं मानली. आमची लग्नं झाली, बरं का. तिघींचीही.

बोलले ती फक्त माझ्या लेकीशी, ती मोठी झाल्यावर. तू पाहिली नाहीस तिला. लई तिखट आहे. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर गाडी घेऊन फिरते, बायका-पोरींना गोळा करते. मूल हवं की नको, कधी हवं, ते तुम्ही ठरवा म्हणते. नको असेल तर लपूनछपून काही करू नका, वेळेत दवाखान्यात जा, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तुला हे कुणी सांगितलं असतं तर गं! तिचा फोटो लोकांच्या मोबाईलवर फिरतो, खाली काय लिहिलेलं असतं ते मी तुला सांगणार नाही. यंदाच्या नवमीला कुणीतरी नेहमीसारखं 'भाग्याची' म्हणालं आणि ती वाढता वाढता थांबली. "माझी आजी भाग्यानं नाही गेली. मूल नको म्हणायची सोय नव्हती, म्हणून गेली." सगळी पंगत हात आखडून बसली.

थोड्याच दिवसांत चुलतभाऊ खानावळीत आला. आधी निवांत चहा प्यायला. मग म्हणाला, "ताई, पोरीनं घराची अब्रू वेशीवर टांगली. तरणी पोरं खवळल्यात, मला आवरंनात. तू समद्यांम्होरं सांग, काकी काविळीनं गेली. मग तिच्या गाडीला कोन हात लावत न्हाई."

मी गेले, आई. भावकी जमली होती, लेक दाराशी उभी होती. मी सांगितलं, कावीळच होती, डोळे पिवळे झाले होते, पोरीला काय ठाऊक. ते पिवळे डोळे मी पदरचे घातले. आणि एवढं करून पानशेतच्या रस्त्याला पोरांनी तिला अडवलीच. गाडी फोडली, तिचा हात मोडला. मोडताना म्हणाले, तुझी आईच तुला खोटी म्हणते. तिला राखायला म्हणून बोलले, आणि तेच त्यांच्या हातात काठीसारखं दिलं. पोलिसात तक्रार तिनं स्वतः जाऊन दिली. हे सगळं मला कुणालाच सांगता येत नाही. लिहून झालं की हा कागद शेगडीवर धरणार आहे.

लोक म्हणतात, अशी लेक, अभिमान वाटत असेल. मला अभिमान नको गं, मला ती संध्याकाळी धड घरी यायला हवी. आज सकाळी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून ती पुन्हा निघाली. वेल्ह्याकडच्या एका वस्तीवर बायकांनी बोलावलंय, एसटीनं जाणार होती. दारात थांबून म्हणाली, "आई, येतेस? बोलू नकोस काही. नुसती शेजारी बस."

मी म्हटलं, कशी येऊ, भाजी टाकायचीय अजून. ती बरं म्हणाली आणि गेली.

भाजी केव्हाच झाली होती, आई.