शॉवेलची मागची बाजू

॥ श्री ॥
नाशिक रोड,
ता. ५ जानेवारी २०२५

ती. सौ. सरिताताईस,
ललितचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून तू घातलेली पत्रांची अट मला मान्य आहे. निदान तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही. इकडे सर्व ठीक. सुवर्णाची तक्रार एवढीच, की निवृत्त नवरा जेवायच्या टेबलावर पत्र्याचे तुकडे कापत बसतो आणि बाकीच्यांना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागतं.

आता तुला न आवडणारी गोष्ट. मी शॉवेलचं मॉडेल करतोय. होय, तेच, दादा घाटात चालवायचे ते. रेल्वेच्या कामांवर वापरलेल्या जुन्या यंत्रांच्या मॉडेलचं प्रदर्शन फेब्रुवारीत इगतपुरीला आहे. रोलर, डोझर, वाफेची क्रेन सगळेच करतात. तारेच्या दोरांवर चालणारं, डोंगर ओरबाडून काढणारं ते खोदयंत्र कुणीच केलेलं नाही. दादा त्याच्या पट्ट्यावर उभे आहेत असा फोटो माझ्याकडे आहे, त्यांच्या उंचीवरून सगळी मापं काढली. चोवीस फुटांचा एक फूट केलाय. चालायच्या पट्ट्यांना मनगटी घड्याळांचे पट्टे, दोराला सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर, बकेटच्या दातांना चपलेचे खिळे. बकेट खाली-वर होते, आणि अख्खं यंत्र जागच्या जागी गोल फिरतंसुद्धा.

राग येईल तो पत्रात लिही. माझ्यावर माया आहे ती या उद्योगानंतरही राहू दे.

तुझा,
ललित


वणी,
ता. ११ जानेवारी

चि. ललित यास सरिताचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद तुला आहेत, त्या यंत्राला नाहीत. आमच्याकडे द्राक्षं काढणीला आलीत, हे दिवसभर बागेत असतात, आणि मी तुझं पत्र हातात घेऊन नुसती बसून आहे. शॉवेल गोल फिरतं हे तू मला सांगतोस? ते फिरलं म्हणूनच तर कामावरचा बुधा त्याच्या मागच्या भागाखाली सापडून मेला. फिरवणारे आपले दादा होते. त्यांनी स्वतः सगळ्यांपुढे सांगितलं, की मागे बघायला हवं होतं, बघितलं नाही, चूक माझी.

तू तेव्हा चौथीत होतास. माझा साखरपुडा झालेला होता. माणूस मारणाऱ्याची मुलगी नको, म्हणून त्या लोकांनी लग्न मोडलं, साडी परत मागवली. दादा त्यावरही गप्प. पुन्हा कधी यंत्रावर चढले नाहीत, गोदामात सामान मोजत राहिले, आणि मी त्यांच्याशी शेवटपर्यंत कामापुरतं बोलले. बुधाची बायको नवसाबाई इगतपुरीतच राहते, मुलगा मंगळू रेल्वेत आहे. त्यांच्या दारात ते यंत्र नेऊन मांडणार? लल्या, तुला अक्कल कधी येणार?

प्रदर्शनाला दुसरं काहीतरी ने. ऐकशील तर माझी माया दुप्पट होईल.

तुझी,
ताई


नाशिक रोड,
ता. १९ जानेवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न.

दोनदा वाच आणि मग राग कर.

कान साफ करायचा बारीक कॅमेरा हल्ली मिळतो, मोबाइलला जोडायचा. आमच्या नातवाने, रुद्रने तो गंमत म्हणून मागवला होता. मी तो मॉडेलच्या केबिनमध्ये, चालकाचे डोळे असतात तिथे बसवला. मोबाइलवर समोरची बकेट दिसली, एका बाजूचा डोंगर दिसला. कॅमेरा मागे वळवला, तर नुसता पत्रा! पाठीमागे अख्खी इंजिनची खोली आहे, तिला चालकाच्या बाजूने झरोकासुद्धा नाही. ताई, दादांनी मान मोडेपर्यंत वळवली असती तरी बुधा त्यांना दिसला नसता. त्या जागेवरून मागे बघताच येत नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. सुवर्णाला वाटलं बोट कापलं.

म्हणूनच तर बावटेवाला लागायचा. तो बाजूला, चालकाला दिसेल असा उभा राहायचा. मागे कुणी नाही हे बघून शिट्टी मारायचा, की मग चालक यंत्र फिरवायचा. मी मॉडेलपुढे पाटी लावणार आहे: ‘चालकाला मागचे दिसत नसे. तो केवळ बावटेवाल्याच्या शिट्टीवर विसंबून असे.’ मंगळूलाही निरोप धाडलाय. तो येणार आहे. सगळ्यांना कळू दे.

आता तरी माझ्यावर प्रसन्न हो.

तुझा,
ललित


वणी,
ता. २३ जानेवारी

चि. ललित यास आशीर्वाद.

दोनदा नाही, चारदा वाचलं. आधी इतका आनंद झाला, की यांना बागेतून हाक मारून बोलावलं. मग पाटीचं वाक्य पुन्हा वाचलं. अरे, त्या दिवशीचा बावटेवाला कोण होता? बुधाच होता ना! तुझ्या पाटीचा अर्थ काय होतो, ते कळतंय का तुला? मंगळू हौसेने येणार, आणि आपला बाप आपल्याच चुकीने मेला असं चार लोकांसमोर वाचणार. आपल्या बापाला धुऊन काढायला दुसऱ्याच्या बापाला चिखलात ढकलायचं?

दुसरी गोष्ट मला झोपू देत नाही. मागे बघता येत नाही, हे तुला आज खेळण्यातून कळलं. दादा तर त्या जागेवर वर्षानुवर्षं बसत होते. मग बघायला हवं होतं, असं ते का म्हणाले? स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. हे उलटंच आहे.

मी नवसाबाईकडे जाते. हे नको म्हणतात, पण मी जाणार. माझं पत्र येईपर्यंत पाटीवर एक अक्षरही लिहू नकोस. लिहिलंस तर पुन्हा मला ताई म्हणू नकोस.

काळजीत असलेली,
ताई


वणी,
ता. १ फेब्रुवारी

चि. ललित यास अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. नवसाबाईने मला आत घेतलं. मी मॉडेलचं सांगितलं, पत्र्याचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, की बये, तुझ्या बाला मागलं दिसत नव्हतं, ते मला कवाचं ठाव हाय.

त्या दुपारी ती बुधाची भाकरी घेऊन गेली होती. डोंगर कापलेल्या त्या कटिंगमध्ये सावली म्हणाल तर एकच, शॉवेलच्या मागच्या भागाखालची. यंत्र उभं असताना भाकरी तिथे ठेवायची सगळ्यांनाच सवय, तिनेही तिथेच ठेवली. बुधाने शिट्टी मारली आणि मग त्याला भाकरीची आठवण झाली. ती उचलायला तो आत वाकला. नवसाबाईने ते परत जाताना वरच्या काठावरून पाहिलं, ओरडली, पण इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

दादा खाली उतरले. तिच्याशी पहिलं काय बोलले ऐक. तिला म्हणाले, की शिट्टी वाजली होती हे कुणाला सांगू नकोस. बावटेवाला स्वतःहून आत गेला असं ठरलं, तर ठेकेदार तुला वाऱ्यावर सोडेल. मी बघितलं नाही असं सांगतो. चौकशीत ज्यांनी ते ऐकून घेतलं, त्यांतलं कुणी त्या जागेवर कधी बसलं नव्हतं. नवसाबाईला छावणीत पाणी भरायचं काम मिळालं. मंगळू पोटात होता. तो त्यावर वाढला. त्यालाही हे माहीत आहे.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. पण तुला खरं सांगते, मला दादांचा रागही आला. माझी साडी परत गेली तेव्हा तरी मला एकटीला सांगायचं! मी कुणाला बोलले असते? एवढी वर्षं मी त्यांना चहाचा कप देताना तोंड फिरवलं, आणि ते तो गुपचूप घेत राहिले.

पाटी लावू नकोस. नवसाबाईचं एकच मागणं आहे. मॉडेलमध्ये बुधा हवा. पिवळं मुंडासं, हातात लाल बावटा. मागे नाही. त्याच्या जागेवर.

मला येता येणार नाही, माल तोडायला व्यापारी येणार आहे. सगळं नीट लिही. जपून राहा.

तुझी,
ताई


नाशिक रोड,
ता. ११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न.

तुझ्या घरात दादांचा एकही फोटो नाही, म्हणून यंत्रावरचा तो फोटो सोबत पाठवतोय. परत करू नकोस.

पाटीवर फक्त यंत्राचं नाव लिहिलं, आणि खाली दोन नावं: चालक सावळीराम, बावटेवाला बुधा. बकेट जमिनीला टेकवून ठेवली. मागच्या सावलीत काही ठेवलं नाही.

मंगळू आईला हाताला धरून घेऊन आला. तो माझ्याकडे बघून हसला. मग मी केबिनमधला कॅमेरा सुरू करून मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने बापाला कधी पाहिलेलंच नाही. बराच वेळ बघून त्याने मोबाइल आईपुढे धरला. पडद्यावर बकेटच्या बाजूला पिवळं मुंडासं होतं आणि वर उचललेला लाल बावटा.

नवसाबाईने मोबाइल अगदी डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, की आता दिसतोय बघ तुझ्या बाला.

तुझ्या मायेतला,
ललित